उमेदवारी मुलींची, जबाबदारी कुणाची?

आमच्या तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयाच्या अंतर्गत समितीवर मी गेली चार वर्षे बाहेरची सदस्य म्हणून काम करते. अशा समितीवर स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संघटनेची एक प्रतिनिधी असावी लागते, ती मी. वर्षातून तीन-चार बैठका, आठ मार्चचे एक व्याख्यान आणि शेवटी ‘या वर्षी एकही तक्रार आलेली नाही’ असा अहवाल. त्या अहवालाखाली सही करताना माझा हात नेहमी थोडा अडखळतो. तक्रार नाही म्हणजे त्रास नाही असे होत नाही, हे चळवळीतल्या मैत्रिणींना मी नव्याने सांगायला नको.

मागच्या वर्षी प्राचार्यांनी मला जरा वेगळ्या कामासाठी बोलावले. “ताई, उद्योजकांचा मेळावा घेतोय. मुलांना कार्यप्रशिक्षणासाठी जागा हव्यात. तुम्हीही दहा मिनिटं बोला, म्हणजे मुलींच्या पालकांना जरा बरं वाटेल.” मी हो म्हटले. मालकांशी मी याआधीही बोलले होते, पण ते फाटकाबाहेर उभे राहून, हातात निवेदन घेऊन. सतरंजी अंथरून, गुलाबाचे फूल देऊन त्यांना बोलावण्याच्या कार्यक्रमात मी पहिल्यांदाच बसणार होते.

थोडी पार्श्वभूमी सांगते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी जाऊन शिकणे आले. आपल्या राज्यात त्याला चार श्रेयांक ठेवले आहेत, म्हणजे साधारण १२० तासांचे काम. पूर्वी हे आयटीआय, अभियांत्रिकी, परिचर्या किंवा आम्हा समाजकार्याच्या विद्यार्थ्यांसारख्या काही अभ्यासक्रमांपुरते होते. आता कला आणि वाणिज्य शाखेच्या मुलींनाही कारखान्यात, पतसंस्थेत, दवाखान्यात, शीतगृहात जाऊन तास भरायचे आहेत. ते भरले नाहीत तर पदवी अडते. शहरातल्या मोठ्या महाविद्यालयांना कंपन्या शोधत येतात. तालुक्याच्या महाविद्यालयाला मात्र दारोदार फिरून जागा मागाव्या लागतात.

मला स्वतःला ही कल्पना चांगलीच वाटते. वर्गात बसून जे कळत नाही ते कामावर कळते. मी एम.एस.डब्ल्यू. करताना आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्याला जात असे. वस्तीत कसे बोलायचे, रेशनिंगच्या कार्यालयात कुणासमोर उभे राहायचे, न रडता कसे ऐकायचे हे मी तिथेच शिकले. पण त्या दोन दिवसांच्या मागे एक रचना होती. दर आठवड्याला अहवाल लिहायचा, मार्गदर्शक शिक्षिकेबरोबर तासभर बसायचे, काय झाले ते बोलायचे. माझ्या एका मैत्रिणीला एका कारखान्याच्या कामगार कल्याण विभागात दोन महिने नुसते हजेरीपट उतरवायला बसवले होते. तिने ते अहवालात लिहिले आणि आमच्या शिक्षिका दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यात जाऊन बसल्या. आता प्रत्यक्ष कामाचे तास सगळ्यांच्या वाट्याला आले आहेत. ते तासभर बसणारी शिक्षिका मात्र सगळ्यांच्या वाट्याला आलेली नाही. एकेका शिक्षकाकडे शंभर-शंभर विद्यार्थी आणि शेवटी हातात एक छापील प्रमाणपत्र.

मेळाव्याच्या आदल्या संध्याकाळी मी कार्यालयात बसून मालकांकडून भरून आलेले फॉर्म वाचले. एकोणीस होते. ‘किती विद्यार्थी घेऊ शकाल?’ या रकान्यापुढे त्यातल्या सातांवर लिहिले होते, ‘फक्त मुले’. आणखी काहींनी मुली चालतील असे लिहिले होते, पण पुढे विभाग एकच, ‘ऑफिस’. मुलग्यांसाठी यंत्रशाळा, गुणवत्ता तपासणी, भांडार, विक्री आणि मुलींसाठी टेबल, संगणक आणि फोन उचलणे. एका फॉर्मवर तर ‘मुली : दिसायला नीटनेटक्या’ असे होते. तो फॉर्म मी बाजूला काढून ठेवला. प्राचार्य म्हणाले, “जाऊ द्या हो ताई, त्यांना बोलायची पद्धत नाही.” मी म्हटले, “सर, त्यांना पद्धत आहे म्हणूनच त्यांनी ते लिहून दिलंय.”

दुसऱ्या दिवशी मेळावा चांगला झाला. माणसे वाईट नव्हती. पण चहाच्या वेळी एकेकाशी बोलताना तीच दोन वाक्ये वेगवेगळ्या तोंडून ऐकली. पहिले, “आमच्याकडे लेडीज टॉयलेट नाही.” आणि दुसरे, “मुलीचं काही झालं तर जबाबदारी कोण घेणार?”

या दुसऱ्या वाक्याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. ‘काही झालं तर’ म्हणजे काय? मुलाचा हात यंत्रात सापडू शकतो, पण त्याच्याबद्दल हे वाक्य कुणी म्हणत नाही. म्हणजे इथे भीती यंत्राची नाही, माणसांची आहे. मालकाला आपल्याच कारखान्यातल्या माणसांची खात्री नाही. ती खात्री करून घ्यायचे काम त्याचे आहे, पण त्यावर उपाय म्हणून तो माणसे सुधारत नाही, मुलगी येऊ देत नाही. घरात हेच होते, गावात हेच होते, एस.टी.च्या शेवटच्या गाडीबाबत हेच होते. रस्ता धोक्याचा म्हणून मुलीने रस्त्यावर जायचे नाही. आता पदवीच्या अटीतही तेच आले.

आणि ज्या जातात त्यांचे काय होते, तेही सांगते.

मेळाव्याच्या आधीच्या वर्षी वाणिज्य शाखेची एक मुलगी एका कंपनीच्या हिशेब विभागात तास भरत होती. वडिलांची दोन एकर कोरडवाहू जमीन, आई शाळेत पोषण आहार शिजवते, मुलगी घरातली पहिली पदवीधर होणार. मला भेटली ती महाविद्यालयात नाही, एस.टी. स्टँडवर, मैत्रिणीला बरोबर घेऊन. तिथला मुख्य हिशेबनीस तिला सहा वाजल्यानंतर थांबवून घ्यायचा. “चल, गाडीवर सोडतो” म्हणायचा. मग रात्री मोबाइलवर निरोप सुरू झाले, आधी ‘जेवलीस का’ आणि मग पुढचे. तिने शिक्षकांना सांगितले की जागा बदलून द्या. कारण सांगितले नाही, सांगता आले नाही. शिक्षक म्हणाले, “आता थोडेच दिवस राहिलेत, सांभाळून घे.” तिचे ऐंशी तास भरले होते, चाळीस राहिले होते. आणि प्रमाणपत्रावर सही करणार होता तोच हिशेबनीस.

मी तिला म्हटले, लेखी दे, मी समितीवर आहे. ती म्हणाली, “ताई, घरी कळलं तर कॉलेजच बंद होईल. मग तुमची समिती मला डिग्री देणार आहे का?”

तिने लेखी दिले नाही. मीही जोर केला नाही. आम्ही तिला एका पतसंस्थेत जागा बघून दिली, आधीचे ऐंशी तास धरून घ्यायला लावले आणि ती पास झाली. तो माणूस त्याच खुर्चीवर आहे. त्या वर्षीच्या अहवालातही ‘तक्रार नाही’ असेच आहे आणि खाली माझी सही आहे. हे लिहिताना मला बरे वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय पुढचे बोलण्याचा मला अधिकारही नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण अनेक महाविद्यालयांत आणि आपल्या गटांतही याबद्दल गोंधळ आहे.

कामाच्या ठिकाणी शिकणाऱ्यांसाठी आपल्याकडे १९६१ चा शिकाऊ उमेदवार कायदा आहे. त्यात मालक आणि उमेदवार यांच्यात करार होतो, त्याची नोंद होते, विद्यावेतन द्यावे लागते. २०१९ मध्ये नियम बदलले तेव्हा हे किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरवले गेले आणि ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना उमेदवार घेणे बंधनकारक झाले. उमेदवाराला कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, आणि सल्लागाराच्या मंजुरीवाचून जादा वेळ काम करवून घ्यायचे नाही, हेही त्यात आहे. पण हाच कायदा असेही सांगतो की शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या वेतन संहितेतही कर्मचाऱ्याच्या व्याख्येतून या कायद्याखालचा उमेदवार वगळलेला आहे. म्हणजे किमान वेतन त्याला लागू नाही.

आणि आपल्या १२० तासवाल्या मुलींना हा १९६१ चा कायदासुद्धा मिळत नाही. त्यांचा कुठेही नोंदलेला करार नाही, विद्यावेतनाची सक्ती नाही. त्या कामगार नाहीत, उमेदवार नाहीत, आणि कारखान्याच्या आत असतात तेव्हा महाविद्यालयाच्या दृष्टीने विद्यार्थिनीही उरत नाहीत. बाईच्या कामाला काम न म्हणण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. घरात ती ‘मदत’ करते, शेतात ‘हातभार’ लावते. इथे ती ‘शिकते’.

एका ठिकाणी मात्र कायदा तिच्या बाजूने स्पष्ट उभा आहे. तो आपण मिळवलेला कायदा आहे. राजस्थानात साथिन म्हणून काम करणाऱ्या भंवरीदेवीने बालविवाह रोखायचा प्रयत्न केला म्हणून १९९२ मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यातून स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, १९९७ मध्ये विशाखा निकाल आला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. त्या कायद्यात कर्मचारी म्हणजे कोण, याच्या व्याख्येत प्रशिक्षणार्थी आणि शिकाऊ उमेदवार दोन्ही आहेत, पगार मिळो वा न मिळो. मालकाने दिलेले वाहनही कामाच्या ठिकाणात धरले आहे. दहा किंवा अधिक माणसे असतील तिथे अंतर्गत समिती नेमलीच पाहिजे, नाही नेमली तर ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. दहापेक्षा कमी माणसे असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यायची. कारण पटले तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते.

दुसरी गोष्ट त्याहून कमी लोकांना माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ साली केलेल्या विनियमांत ‘परिसर’ या शब्दाची व्याख्या महाविद्यालयाच्या कुंपणापाशी थांबत नाही. अभ्याससहल, शिबिर, कार्यप्रशिक्षण, येण्याजाण्याचे वाहन, हे सगळे परिसरात येते. छळ करणारा बाहेरचा माणूस असला तरी मुलीला आवश्यक ती सगळी मदत करणे हे महाविद्यालयाचे कर्तव्य आहे. म्हणजे एस.टी. स्टँडवर भेटलेल्या त्या मुलीची जबाबदारी कारखान्याची होती आणि महाविद्यालयाचीही होती. दोन दारे होती. तिला त्यांतले एकही माहीत नव्हते, आणि आम्ही ते तिला सांगितलेले नव्हते.

तेव्हा मेळाव्यातल्या त्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. “जबाबदारी कोण घेणार?” तुम्ही, साहेब. आणि आम्ही.

पण नुसते कायद्याचे पुस्तक वाचून दाखवले की मालक उठून जातो, हेही मी पाहिले आहे. इथे आपल्याला, म्हणजे आपल्यासारख्या गटांना, थोडे स्वतःकडे पाहावे लागेल. मालक म्हटले की आपल्याला दोनच भूमिका सुचतात, एक तर मोर्चा, नाही तर देणगी. तिसरी भूमिका, म्हणजे समोर बसवून बारकाईने एकेक अट ठरवणे, आपण फारशी केलेली नाही.

एका छोट्या यंत्रशाळेच्या मालकाने मला मेळाव्यात सुनावले. त्याच्याकडे सहा माणसे, तो स्वतः लेथवर उभा राहतो. म्हणाला, “मॅडम, कॉलेज आमच्याकडे दोनदाच येतं. एकदा जागा मागायला, एकदा सही मागायला. मधल्या काळात पोरगं काय करतंय, कुणी विचारत नाही. मी त्याला काय शिकवायचं ते मला कुणी सांगितलं नाही. मग मी त्याला झाडायला लावतो.” त्याचे म्हणणे खरे होते. मुलगी घ्यायला त्याची ना नव्हती. अडचण खरोखरच स्वच्छतागृहाची होती, कारण सहा माणसांच्या शेडमध्ये एकच आहे आणि त्याला कडी नाही. कडी बसवायला दीडशे रुपये लागतात. ती तिथे आजवर बसली नव्हती, कारण तिथे बाई येईल असे कुणाच्या डोक्यातच आले नव्हते. पुढच्या आठवड्यात त्याने कडी बसवली. स्वतंत्र स्वच्छतागृहाची अट कारखान्यांना १९४८ च्या कायद्यापासून आहे, नव्या संहितेतही आहे. पण मोठ्या कारखान्यांनी ‘आमच्याकडे बायका नाहीत’ म्हणून स्वच्छतागृह बांधायचे नाही आणि ‘स्वच्छतागृह नाही’ म्हणून बायका घ्यायच्या नाहीत, हे चक्र कुठेतरी तोडावे लागते.

प्रश्न केवळ सुरक्षिततेचा नाही, शिकण्याचाही आहे. आणि त्यापलीकडे आणखी एक प्रश्न आहे, तो मला सगळ्यात जास्त छळतो. आमच्या भागात द्राक्षे आणि बेदाणा. हंगामात शीतगृहांत बेदाणा निवडायला रोजंदारीवर बायका जातात. एका ठिकाणी विज्ञान शाखेच्या तीन मुलींना घेतले होते. कागदावर लिहिले होते ‘प्रतवारी आणि गुणवत्ता नियंत्रण’. मी भेटीला गेले तेव्हा त्या तिघी पट्ट्यावर बसून बेदाणा निवडत होत्या, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, बिनपगारी. ओलावा मोजायचे यंत्र शेजारच्या खोलीत होते, त्याला त्यांनी हात लावलेला नव्हता. आणि परत येताना वाटेत वस्तीवरच्या एका मावशी भेटल्या. म्हणाल्या, “औंदा आमाला बोलावलं न्हाई. कॉलेजच्या पोरी आल्यात म्हनं.” फुकटच्या तीन मुलींनी रोजावरच्या तीन बायका घरी बसवल्या होत्या. दोघींनाही त्याचा पत्ता नव्हता. शिक्षणाच्या नावाखाली बाईच्याच हातून बाईचा रोज कापला जातो, तेव्हा त्याला आपण काय म्हणायचे? मुलींच्या संधीसाठी भांडताना या मावशी आपल्या नजरेआड होता कामा नयेत. पट्ट्यावर बसायचे असेल तर रोज द्या, आणि शिकवायचे असेल तर यंत्राजवळ न्या, एवढे साधे आहे हे.

हे सगळे घेऊन मी प्राचार्यांकडे गेले. दोन प्राध्यापिका बरोबर आल्या, त्यांतल्या एकीने पुढे सगळा भार उचलला. आम्ही एका पानाचा करार तयार केला, मालक आणि महाविद्यालय यांच्यातला. त्यात या गोष्टी घातल्या :

एक, मुलीने काय शिकायचे ते आधी लिहायचे. काम आणि विभाग मुलगा-मुलगी पाहून वाटायचे नाहीत.

दोन, नेहमी पगारावर होणाऱ्या कामावर विद्यार्थ्याला बसवायचे असेल तर त्या कामाचा रोज द्यायचा. एरवीही निदान येण्याजाण्याचे भाडे द्यायचे.

तीन, संध्याकाळी सहानंतर थांबवायचे नाही. कामाचे फोन आणि निरोप मुलीला एकटीला पाठवायचे नाहीत, प्राध्यापिका ज्यात आहे त्या गटावरच पाठवायचे.

चार, अंतर्गत समितीची नावे भिंतीवर लावायची. दहापेक्षा कमी माणसे असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीचा पत्ता लावायचा.

पाच, महाविद्यालयाची प्राध्यापिका पंधरा दिवसांतून एकदा न कळवता भेट देईल.

सहा, प्रमाणपत्र एकाच माणसाच्या सहीवर अडणार नाही. तासांची नोंद मुलगी रोज ठेवेल, प्राध्यापिका ती तपासेल आणि जागा बदलली तर भरलेले तास वाया जाणार नाहीत. जागा बदलून मागायला कारण सांगण्याची सक्ती नाही.

माझ्या मते यातली सहावी अट सगळ्यात महत्त्वाची आहे. त्या हिशेबनिसाचे बळ त्याच्या खुर्चीत नव्हते, त्याच्या पेनात होते. सही ज्याच्या हाती, त्याच्यासमोर मुलगी मान खाली घालते. ही सही त्याच्या एकट्याच्या हातातून काढून घेतली की निम्मे काम होते.

मालकांना काय मिळाले तेही सांगते, कारण एकतर्फी अटींवर कुणी टिकत नाही. प्राध्यापिकांनी त्यांच्याकडे जाऊन विचारले, तुम्हाला कसली माणसे लागतात? कुणी म्हणाले, मराठीत आणि इंग्रजीत नीट पत्र लिहिणारी. कुणी म्हणाले, जीएसटीचे विवरणपत्र भरता येणारी. कुणी म्हणाले, मोजपट्टी आणि कॅलिपर धरता येणारी. मग प्रशिक्षणाला पाठवण्याआधी आठवडाभर ते वर्गात शिकवले. त्या यंत्रशाळेच्या मालकाला महाविद्यालयाने व्याख्यानाला बोलावले. तो पॉलिश केलेले बूट घालून आला आणि ‘माप’ या विषयावर तासभर बोलला. पुढच्या खेपेला त्याने आपणहून दोन मुली मागितल्या. मालकाला शिक्षक मानले की तो थोडा शिक्षकासारखा वागायला लागतो, हा अनुभव माझ्यासाठी नवा होता.

सगळेच असे गोड झाले असे मात्र समजू नका. एकोणिसांपैकी बारा जणांनी करारावर सही केली. एका मोठ्या कंपनीने न कळवता भेट देण्याची अट नाकारली आणि आमच्या महाविद्यालयाऐवजी शेजारच्या तालुक्यातल्या महाविद्यालयाची मुले घेतली. त्या कंपनीची प्रयोगशाळा आमच्या भागात सगळ्यात चांगली. रसायनशास्त्राची एक हुशार मुलगी मला येऊन म्हणाली, “ताई, तुमच्या अटींमुळे माझी लॅबची जागा गेली. मला काही त्रास होणार नव्हता. मी बघून घेतलं असतं.” तिचा राग मला समजतो. दुसऱ्या कुणा मुलीच्या संरक्षणाची किंमत तिने मोजली, तिला न विचारता. मी तिला म्हटले, तू बघून घेतले असतेस, पण तुझ्यानंतर जाणारीला कदाचित जमले नसते. तिला हे उत्तर पटले नाही. मलाही ते पुरेसे वाटत नाही. एकट्या महाविद्यालयाने अटी घातल्या तर मालक शेजारी जातो. म्हणून अटी जिल्ह्याने, विद्यापीठाने घालायला हव्यात. त्यासाठी शेजारच्या तालुक्यातल्या मैत्रिणींशी मी आधी बोलायला हवे होते, ते राहून गेले.

काही मैत्रिणी विचारतात, “हे काम आपलं आहे का? आपण मालकांना सोयीची माणसं पुरवायला निघालोय का?” शंका रास्त आहे. पण थोडे मागे वळून पाहू. पुण्यात १९०९ मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन सुरू झाले, आणि विधवा व परित्यक्ता स्त्रिया परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात जाऊ लागल्या. परपुरुषांची शुश्रूषा करायला बायका पाठवतात म्हणून टीका झाली. तेही प्रत्यक्ष कामावरचे शिक्षणच होते. रुग्णालय पूर्ण सुरक्षित होईपर्यंत थांबू असे त्या म्हणाल्या नाहीत आणि बाईला तिथे एकटीला सोडूनही आल्या नाहीत. संस्था मागे उभी राहिली. आपल्यालाही हेच करायचे आहे. मुलीला आत पाठवायचे आणि स्वतः फाटकापाशी थांबायचे.

म्हणून, मैत्रिणींनो, माझी विनंती अगदी साधी आहे. या सत्रात आपल्या तालुक्यातल्या महाविद्यालयात जा. मुली तास भरायला कुठे जातात, त्या ठिकाणांची यादी मागा. अंतर्गत समितीवर बाहेरची सदस्य कोण आहे ते विचारा. ती आपल्यातलीच असेल तर तिला विचारा की या ठिकाणी तू कधी गेली आहेस का. मुली बाहेर पडण्याआधी त्यांच्याबरोबर दोन तास बसा आणि ती दोन दारे त्यांना दाखवा. आईवडिलांनाही बोलवा, म्हणजे ‘घरी कळलं तर’ ही भीती थोडी तरी कमी होईल. घरच्यांना आधीच विश्वासात घेतले असते तर ती मुलगी कदाचित लेखी देऊ शकली असती. आणि विद्यापीठाकडे एकत्र मागणी करू या की असा करार सगळ्या महाविद्यालयांना सक्तीचा करा.

यंदाच्या अहवालात मी ‘तक्रार नाही’ एवढेच लिहिलेले नाही. किती ठिकाणी भेटी दिल्या, किती मुलींनी जागा बदलून मागितली, किती ठिकाणी समितीची नावे लावलेली नव्हती, हे सगळे लिहिले आहे. प्राचार्य म्हणाले, “ताई, अहवाल जरा लांबला.” मी म्हटले, “हो सर, आधीची चार वर्षे तो आखूडच होता.”

तुमच्या तालुक्यात काय चालले आहे ते जरूर लिहून कळवा. आमच्या कराराचा नमुना कुणाला हवा असेल तर पाठवते. त्यात उणिवा आहेत, त्या दुरुस्त करूनच वापरा.